सोफ्यावरचा प्रतिस्पर्धी

सोफ्यावर आधीच कुणीतरी झोपलं होतं.

फेब्रुवारीची दुपार, बाहेर भुरभुरणारा बर्फ, माझ्या बुटांत पाणी गेलेलं... आणि ज्या सोफ्याच्या आशेवर मी मिलवॉकीहून नेब्रास्कापर्यंत आले होते, त्यावर एक लांबलचक मुलगा पाय बाहेर काढून गाढ झोपलेला. घर पाउलाचं. मानसशास्त्राच्या पीएचडीच्या मुलाखतीला येणाऱ्यांना तिथलेच विद्यार्थी आपल्या घरी उतरवून घेतात. पाउला पाचव्या वर्षाला होती आणि ती पाचही वर्षं तिच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"ऑफिसनं दोघांनाही माझ्याच गळ्यात मारलंय," ती म्हणाली. "एक सोफा आहे, एक हवेची गादी आहे. आपसांत ठरवा. मला पेपर तपासायचेत."

तो जागा झाला. डोळे चोळत म्हणाला, मी डेस्मंड, शिकागोचा. मी म्हटलं, नोरीन. मग त्यानं विचारलं की मुलाखत कुणाकडे आहे.

"डॉक्टर व्हिटेकर," मी म्हणाले.

तो ताडकन उठून बसला. त्याचीही त्यांच्याकडेच होती. व्हिटेकरबाई वर्षाला एकच विद्यार्थी घेतात, हे आम्हा दोघांनाही चांगलंच ठाऊक होतं.

"म्हणजे आता शत्रूला सोफा द्यायचा?"

"मी मागितलेला नाही."

"तेच तर. मागितला असतास तर नाही म्हणता आलं असतं."

त्यानं सोफा दिला. वर माझ्या ओल्या बुटांकडे बघून बॅगेतून लोकरीचे जाड मोजे काढले आणि माझ्या मांडीवर टाकले. मी इतकी दमले होते की आभार मानायचेही राहून गेले. हे माझं अर्ज करायचं दुसरं वर्ष होतं. आदल्या वर्षी सगळीकडून नकार आले होते, आणि तेव्हापासून मी मिलवॉकीच्या एका इस्पितळात मनोरुग्णांच्या वॉर्डात मदतनीस होते. अंघोळी घालायच्या, गोळ्या गिळल्या की नाही ते पाहायचं, शिव्या खायच्या आणि घरी येऊन पुन्हा अर्ज लिहायचे. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

सकाळी पाहिलं तर गादीतली सगळी हवा गेलेली आणि डेस्मंड जमिनीवर आडवा. त्याची मान एका बाजूला आखडली होती. तसाच, वाकड्या मानेनं तो मुलाखतीला गेला.

"तुझी कशी झाली?" माझी मुलाखत आटोपून बाहेर आल्यावर मी विचारलं.

"बाई म्हणाल्या, तुम्ही फार मन लावून ऐकता." त्यानं मान सरळ करायचा प्रयत्न केला आणि कळवळला. "मला हसता पण येईना गं."

मी मात्र हसले. कित्येक महिन्यांनी. त्यानं माझ्याकडे तिरकंच पाहिलं, दुसरा इलाज नव्हता, पण मीही नजर काढून घेतली नाही.

शिकागोहून मिलवॉकीला रेल्वेनं काही फार वेळ लागत नाही. मोजे परत घ्यायचे आहेत असं सांगून तो पुढच्याच शुक्रवारी आला, आणि मोजे न घेताच गेला. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी तळलेला मासा खायला अख्खं गाव बाहेर पडतं. आम्हीही त्या गर्दीत जाऊ लागलो. माशाबरोबर येणाऱ्या बटाट्याच्या धिरड्यांवर सफरचंदाचा गर घ्यायचा की आंबट साय, यावर आम्ही तासन्‌तास भांडायचो. तो एका प्रयोगशाळेत काम करायचा. ज्यांना कानात आवाज ऐकू येतात, अशा माणसांशी बोलायचं हे त्याचं काम. त्यांच्याबद्दल सांगताना त्याचा दमलेला चेहरा उजळायचा. "ते आवाज त्यांना काय म्हणतात, हे कुणी नीट विचारतच नाही," तो म्हणायचा. मी त्याच्या हातांकडे बघत बसायचे.

मार्चमध्ये मला दोन पत्रं आली. एक व्हिटेकरबाईंकडून, क्लिनिकल मानसशास्त्रासाठी. दुसरं केंटकीहून, समुपदेशनाच्या पीएचडीसाठी; तिथेही मी मुलाखत देऊन आले होते. डेस्मंडला बाकी सगळ्यांनी नकार दिला होता. व्हिटेकरबाईंनी त्याला कळवलं होतं की तुम्ही प्रतीक्षा यादीत पहिले आहात. म्हणजे मी नाही म्हटलं तर जागा त्याची. हो म्हटलं तर त्याचं हे वर्ष पाण्यात.

उत्तर द्यायची शेवटची तारीख पंधरा एप्रिल. देशभर सगळ्यांसाठी तीच.

आई शाळेची बस चालवते. तिला मी दोन्ही अभ्यासक्रमांतला फरक समजावून सांगितला. क्लिनिकलमध्ये आजारावर भर, इस्पितळं, चाचण्या. दुसऱ्यात बऱ्यापैकी धडधाकट माणसांचे रोजचे पेच, नोकऱ्या, घटस्फोट, घर सोडून आलेली पोरं.

"शेवटी दोन्हीकडे डॉक्टरच ना?" आई म्हणाली.

"हो, पण क्लिनिकलला मान जास्त आहे."

"कुणाच्या गल्लीत?"

वॉर्डातले सगळे म्हणत होते, क्लिनिकल सोडलंस तर वेडी आहेस. मलाही तसंच वाटायचं. आणि मग डेस्मंडचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा, आणि काहीच कळेनासं व्हायचं. मला केंटकी हवं होतं की त्याला जागा मिळायला हवी होती? रात्री अंथरुणाला पाठ टेकली की हाच प्रश्न, आणि सकाळी उठले की पुन्हा तोच.

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी त्याच्या पुढ्यातला मासा तसाच गार झाला.

"नोरीन... पंधरा तारखेपर्यंत मी येणार नाही. फोनही करणार नाही."

"का?"

"मी समोर असलो की तू माझा विचार करतेस. मला दिसतं ते."

"करते. मग? तो काय गुन्हा आहे?"

"ती जागा तू मला देऊन टाकलीस तर मी जन्मभर तुझा ऋणी राहीन." तो काट्यानं धिरडं उगाच टोचत होता. "ऋणी माणूस नीट भांडू शकत नाही गं. आणि मला तुझ्याशी भांडायचंय. पुष्कळ वर्षं."

मला राग आला. इतका की डोळ्यांत पाणी आलं. माझ्याबद्दल ठरवणारा हा कोण, असं काहीतरी मी बोलले आणि कोट उचलून निघाले. तो मागे आला नाही. बाहेर शहरालगतच्या सरोवरावरून बोचरा वारा येत होता आणि माझ्या पायांत त्याचेच मोजे होते.

नंतरचे दिवस मी कसेबसे ढकलले. फोन वाजला की धावत जाऊन उचलायचे. तो नसायचा.

चौदा तारखेला वॉर्डातून मिसेस ओल्सझेव्स्की घरी निघाल्या. महिनाभर त्या आमच्याकडे होत्या. आता बऱ्या होत्या, डॉक्टरांनी सही केली होती. मी त्यांच्या कोटाची बटणं लावत असताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"घरी जाऊन मी करू काय, बाळा?"

हा प्रश्न मी वर्षभर ऐकत होते. बरं होऊन निघालेलं जवळजवळ प्रत्येक माणूस दारात हाच प्रश्न विचारायचं, आणि आमचं काम तिथेच संपायचं. पुढचा पेशंट आलेला असायचा. मी मात्र दर वेळी दारात रेंगाळायचे, हेडनर्सची बोलणी खायचे. त्या दिवशीही रेंगाळले. टॅक्सी येईपर्यंत आम्ही त्यांच्या रिकाम्या घराबद्दल, त्यांच्या शिवणयंत्राबद्दल, न बोलणाऱ्या लेकीबद्दल बोललो. टॅक्सी गेल्यावर लक्षात आलं, मला कडकडून भूक लागली होती.

मला एकदम केंटकीची मुलाखत आठवली. तिथे त्यांनी मला हेच विचारलं होतं की बरं झाल्यावर माणसाचं काय होतं, आणि मी बोलतच सुटले होते. बाहेर पडून दोन सँडविचेस खाल्ली होती. व्हिटेकरबाईंच्या खोलीत मी सगळी उत्तरं बरोबर दिली होती, आणि बाहेर आल्यावर अंगात त्राण उरलं नव्हतं. डेस्मंड तेव्हा दारातच उभा होता म्हणून मी हसले, नाहीतर रडलेच असते.

मी स्वतःला विचारून पाहिलं. समज, तो सोफा रिकामा असता. समज, डेस्मंड नावाचा कुणी नसताच. तर?

तरी केंटकीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या मागच्या आवारातून मी व्हिटेकरबाईंना फोन केला. त्या नाराज झाल्या, पण बोलल्या चांगल्या. लगेच पुढच्या उमेदवाराला कळवते म्हणाल्या. मी त्या उमेदवाराला फोन केला नाही. दिवसभर चादरी बदलल्या.

कामाची पाळी संपवून बाहेर आले तर फाटकाशी तो उभा. मान मुद्दाम एका बाजूला वाकडी केलेली. मला हसू आलं आणि रडूही आलं.

"माझ्यासाठी केलंस?" त्यानं विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

"नाही."

"थोडंसं तरी?"

"तसूभरही नाही. तू त्या यादीत नसतास तरी मी केंटकीलाच गेले असते."

त्यानं डोळे मिटले. एक लांब श्वास सोडला, आणि मान हळूहळू सरळ झाली. इतकं कोरडं 'नाही' ऐकून इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"मग सांगतो," तो म्हणाला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. सोफ्यावरून उठलो तेव्हापासून."

"मला माहिती आहे. माझंही... पण मी अजून चिडलेली आहे."

"चीड ना. पाच वर्षं आहेत. मी नेब्रास्कात, तू केंटकीत, मध्ये गाडीनं दिवसभराचा रस्ता. सुट्टी दोघांनाही नसणार, पैसे नसणार..."

"गप्प बस जरा," मी म्हटलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. किती दमलो होतो आम्ही दोघं! फाटकातून दुसऱ्या पाळीची माणसं आत जात होती, आणि त्याचा हात माझ्या पाठीवर नुसता पडून होता.

"आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

"मला भूक लागलीय," मी म्हणाले.