चिंचेखाली थांब

पावणेसहाला मी बराकाच्या कानांना मलम लावते. नाहीतर उन्हानं त्याचे कान सोलतात. बराका हा उंदीर आहे, आफ्रिकेतून आणलेला, मांजराएवढा, आणि आमच्या तुकडीतला सगळ्यात भरवशाचा कामगार. सुरुंगातल्या दारूचा त्याला वास येतो. वास आला की तो तिथली माती खरवडतो आणि परत आल्यावर त्याला केळ्याचा तुकडा मिळतो. त्याचं वजन जेमतेम सव्वा किलो, त्यामुळे त्याच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही. माझं वजन त्रेपन्न. म्हणून सगळे नियम मला आहेत, त्याला एकही नाही.

कामाची पद्धत साधी आहे. दहा मीटरच्या अंतरानं दोन अरुंद पट्ट्या आम्ही आधी डिटेक्टरनं साफ करतो. मग एका पट्टीत मी उभी राहते, समोरच्या पट्टीत बोंग पोनलोक; बोंग म्हणजे दादा. आमच्यामध्ये ताणलेली दोरी, आणि दोरीला अडकवलेला बराका माझ्याकडून त्याच्याकडे आणि त्याच्याकडून माझ्याकडे ये-जा करतो. प्रत्येक फेरीला आम्ही अर्धा मीटर पुढे सरकतो. आठ वर्षं मी हेच करतेय. नॉम पेन्हहून दूर, थायलंडच्या सीमेकडच्या या जमिनीत सुरुंग कोणी पेरले म्हणून लोक विचारतात. सगळ्यांनीच पेरले. माझ्या बापानंही पेरले, आणि पाय त्याचाच गेला.

प्चुम बेनचा, म्हणजे आमच्या पितरांच्या पंधरवड्याचा, अकरावा दिवस होता. फुम अंपिल गावाच्या मागच्या तुकड्यावर आमचं काम शेवटाला आलं होतं. टोकाला एक जुनी चिंच होती, दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध. तेराव्या दिवशी दुपारपासून आम्हाला सणाची सुट्टी होती, त्यामुळे बोंग पोनलोकच्या तोंडी सकाळपासून फक्त डुकराच्या मटणाच्या आणि बायकोच्या माहेरच्या गोष्टी चालल्या होत्या.

त्या सकाळी गावच्या मुखियानं एका म्हातारीला आमच्याकडे आणलं. अंगात फ्रान्सचा जाड स्वेटर, हातात ॲल्युमिनियमचा डबा. वय एकाहत्तर, नाव यात. मी तिला ओम म्हणायला लागले, आईच्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

"उंदराला मलम?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. "माझ्या नवऱ्याला मी इतक्या प्रेमानं कधी लावलं नाही गं."

"तुमच्या नवऱ्यानं सुरुंग शोधले होते का, ओम?"

"छे! त्याला स्वतःची चप्पल सापडायची नाही."

मग तिनं चिंचेकडे बोट केलं आणि म्हणाली, "मला तिथं जायचंय. अमावस्येच्या आत."

एकोणऐंशी साली काळ्या कपड्यांतल्या क्रांतिवाल्यांचं राज्य कोसळलं, तेव्हा ओम यात पाच वर्षांच्या मुलीला घेऊन सीमेकडे चालत निघाली होती. नवरा आधीच गेला होता. मुलीचं नाव पेऊ. या चिंचेखाली पोरीचे पाय उचलेनात. ओमनं तिला खोडाला टेकवून बसवलं, म्हणाली, मी पाणी घेऊन येते, मी येईपर्यंत जागेवरून हलू नकोस. ओढ्यावर असताना तोफांचा मारा सुरू झाला. पळणाऱ्या लोकांनी तिला ओढत पलीकडे नेलं. पुढे छावणी, मग फ्रान्समधलं ल्यों, दुसरा नवरा, एक मुलगा. मागे सुरुंग पेरले गेले आणि परतीची वाट बंद झाली.

"चाळीस वर्षं मी ल्योंच्या विहारात तिच्या नावानं भात ठेवला," ती म्हणाली. "पितर या पंधरा दिवसांत सात विहार हिंडून आपल्या माणसांचा भात शोधतात. मी आपली ठेवत राहिले. मागच्या वर्षी भात वळताना एकदम ध्यानात आलं. पोर हिंडणार कशी? मीच तिला सांगून आलेय, हलू नकोस म्हणून."

बोंग पोनलोक दोरीचा गुंता सोडवत होता. त्याचे हात थांबले.

"मुलगा म्हणतो, आई, तुझं हृदय धड नाही. खरंय. पुन्हा काही मी विमानात बसायची नाही."

मी तिला सांगितलं ते नियमाचं होतं. आज सगळ्या तुकड्याची पहिली तपासणी, उद्या दुसरी, परवा सकाळी जे सापडेल ते फोडायचं. तेराव्याच्या दुपारपर्यंत चिंचेखालची जागा साफ ठरली तर ती जाईल, नाही ठरली तर नाही. रडून काही उपयोग व्हायचा नाही.

"रडतंय कोण?" ओम म्हणाली आणि मुखियानं आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री उघडून बसली.

त्या सकाळी बराकानं दोन ठिकाणी माती खरवडली. आम्ही खुणा केल्या. चिंचेजवळच्या शेवटच्या फेऱ्यांत तो दोरीच्या मध्यावर थांबला, माझ्यापासून पाच मीटर आणि पोनलोकपासून पाच मीटर. त्यानं खरवडलं नाही. तो मागच्या पायांवर उभा राहिला, पुढचे दोन्ही पंजे वर घेतले आणि तोंड हलवायला लागला. केळं मिळाल्यावर तो असाच उभा राहतो.

"केसोर, केळं टाकलंस काय त्याला?" पोनलोक ओरडला.

"इथून? माझा हात काय पाच मीटर लांब आहे?"

"मग खातोय काय तो?"

चिंच पडली असेल म्हटलं, पण या दिवसांत झाडावर चिंच नसते. किडा असेल. परत आल्यावर बराकानं केळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आम्ही त्याचं वजन कामाआधी आणि कामानंतर करतो. एरवी कामानंतर चार-पाच ग्रॅम कमी भरतं. त्या दिवशी चाळीस ग्रॅम जास्त भरलं. मी काटा पुसून पुन्हा केलं, तेवढंच भरलं.

बाराव्या दिवशी ओम पहाटेच विहारात जाऊन आली होती. तीळ घातलेल्या चिकट भाताचे मुटके तिनं अंधारात विहाराभोवती टाकले, सगळे टाकतात तसे. पहिला पेऊच्या नावानं. सहाला ती आमच्याकडे आली तेव्हा डबा रिकामा होता, मी स्वतः उघडून पाहिला. उंदराच्या कामाजवळ खाण्याचं काही चालत नाही.

दुसऱ्या तपासणीत बराका त्याच जागी थांबला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पंजे वर. या वेळी त्यानं मान तिरपी केली, कोणी कानामागे खाजवावं तशी. मी दोरी हलवली. तो सावकाश खाऊन झाल्यावरच निघाला.

माझ्या हातात आला तेव्हा त्याच्या मिशीला भाताचं शीत आणि दोन तीळ चिकटले होते.

विहार तिथून तीन किलोमीटर आहे. कावळ्यानं आणलं असेल, असं पोनलोक म्हणाला. मी हो म्हटलं. त्यानंतर तो सासरच्या मटणाबद्दल काही बोलला नाही.

दुपारी माझ्या घरी ओमला केळीच्या पानातला अन्सोमचा चिकट भात वाढताना मी ते शिताचं आणि तिळांचं सांगून टाकलं. सांगणार नव्हते. तिनं घास खाली ठेवला.

"ती एकटी कधीच खायची नाही," ओम म्हणाली. "काळ्या कपड्यांच्या राज्यात भात नव्हता, पोरी. नुसती पेज. मी शेतातले उंदीर धरायचे, चोरून भाजायचे. सापडले असते तर मारलं असतं मला. पेऊ जगली ती उंदरांवर. खाताना म्हणायची, आई, उंदराला काय देऊया? मी म्हणायचे, गप खा, त्याला आता काय द्यायचं."

मग ती उठली, अंगणातल्या पिंजऱ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि बराकाला हात जोडून नमस्कार केला. विहारात भिक्षूला करतात तेवढा उंच. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या मनात काय होतं ते सरळच सांगते. आठ वर्षांत मी आणि माझे दोन्ही पाय रोज घरी आलो, ते या जनावरांमुळे, आणि मी त्यांना कधी नमस्कार केला नव्हता. मी ओमच्या शेजारी बसले आणि केला.

तेराव्या दिवशी सकाळी दोन्ही खुणांचे सुरुंग फोडून झाले. मग दोरी खोडाला अडते म्हणून राहिलेली झाडाभोवतीची अखेरची तपासणी. चिंचेच्या खोडापासून दीड मीटरवर बराकानं जोरात माती खरवडली.

मी पोटावर पडून सळईनं माती मोकळी केली. हिरवा, तळहाताएवढा, रशियन. मुळांत अडकलेला. हलवता येणार नव्हता, तिथेच उडवावा लागणार होता. रेषेबाहेर येऊन मी ओमला तसं सांगितलं.

"म्हणजे तिच्याजवळच," ओम म्हणाली.

"ओम, दीड मीटरवर आहे. आणि तिथे कोणी..." मी थांबले.

"कळलं मला." तिनं तोंडाभोवती हात धरले आणि झाडाकडे हाक मारली, "पेऊ! मोठा आवाज होणारे हं. कानावर हात ठेव. डोळे मीट."

ती ओरडली ते रोज सांगितल्यासारखं. पोनलोकनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं घाम पुसला आणि बटण दाबलं.

माती वीसेक फूट उडाली. चिंचेची पानं बराच वेळ पडत राहिली. धूर विरल्यावर मी डिटेक्टर घेऊन आत गेले. सगळीकडे ओली माती, पानं, मुळांचे तुकडे. खोडावर कमरेपर्यंत चिखल उडालेला.

खोडाच्या अलीकडच्या अंगाला, जमिनीवर, सुपाएवढी जागा स्वच्छ होती. तिथे एक पान नव्हतं. त्या जागेच्या वर खोडावरही चिखल नव्हता, साधारण माझ्या मांडीपर्यंत.

मी त्या जागेवर डिटेक्टर फिरवला. आवाज आला नाही. हात लावायचं मी टाळलं.

"साफ आहे," मी म्हणाले.

लाल-पांढऱ्या काठ्यांच्या मधून ओम आत गेली. वाट एक मीटर रुंद. मी तिच्या मागे. तिनं स्वेटरच्या खिशातून केळीच्या पानात बांधलेला एक मुटका काढला आणि त्या स्वच्छ जागेसमोर ठेवला. पाण्याची बाटली उघडून शेजारी ठेवली.

"उशीर झाला गं," ती म्हणाली. "ओढ्यावर गर्दी होती."

ती उकिडवी बसली.

"शहाणी माझी पोर. हलली नाही." मग उठली. "चल आता. हलायचं आता. मी आले."

वारा नव्हता.

परत येताना ओम वाटेच्या मधून चालली नाही. ती अगदी उजव्या काठ्यांना घासून चालत होती, डावी बाजू मोकळी सोडून. पाय बाहेर पडेल म्हणून मी ओरडणार होते.

तिचा डावा हात अंगापासून थोडा दूर होता, खाली, बोटं वळलेली.

मी ओरडले नाही. मी तिच्या मागे पावलं लहान टाकली.

सुरक्षित रेषेपलीकडे पिंजऱ्यात बराका उभा राहिला होता. ओम त्याच्यासमोरून गेली. त्यानं ओमकडे पाहिलं नाही. तो तिच्या डावीकडे पाहत होता, खालच्या उंचीवर, आणि त्याची मान हळूहळू वळत गेली.

पोनलोकनं टोपी काढली.

ओमला संध्याकाळच्या बसनं नॉम पेन्हला जायचं होतं. मी तिला तुकडीच्या गाडीतून बस-थांब्यापर्यंत सोडायचं ठरलं. तिनं माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले आणि म्हणाली, "तू आणि तुझ्या उंदरानं मला माणसात आणलंत." मी म्हटलं, ओम, आभार आम्ही मानायचे. आणि ते मी मनापासून म्हटलं. गुडघे दुखतात, पाय लांब करायचेत म्हणून ती मागच्या सीटवर बसली आणि लगेच डोळे मिटले. चेहरा इतका निवांत होता की मला तिचा हेवा वाटला.

मी गाडी सुरू केली. लगेच टिंगटिंग वाजायला लागलं. शेजारच्या सीटच्या पट्ट्याचा लाल दिवा लागला होता. त्या सीटवर वजन पडल्याशिवाय तो लागत नाही. मी पाहिलं. सीटवर पिशवी नव्हती, पाण्याचा कॅन नव्हता, काही नव्हतं.

आरशात पाहिलं. ओमचे डोळे मिटलेलेच होते, पण ती हसत होती.

मी हात लांबवून पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला. टिंगटिंग थांबलं.

पट्टा ताणून घट्ट झाला. पण तो सीटच्या पाठीला टेकला नाही. मध्ये वीतभर जागा राहिली.