शेजारच्या दाराची ना-हरकत

यातलं काहीही रचलेलं नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बोतागोझसमोर आजही कुणी सहज भिंतीवर बोटं वाजवली, तर ती आधी लेकराला उचलून घेते.

नोव्हेंबरातला गुरुवार होता. दिवेलागणीची वेळ. कारागांदा या कोळशाच्या खाणींच्या शहरातली जुनी पाचमजली इमारत, तिसरा मजला.

बोतागोझ आणि नुरकेन तिथे नुकतेच राहायला आले होते. खोली एकच, आणि तिच्या बाहेरच्या भिंतीला ओल. एर्मेक जेमतेम वर्षाचा. थंडी पडली तसा तो खोकायला लागला. खोकता खोकता ओठ निळे पडायचे, आणि बोतागोझ त्याला छातीशी धरून उजाडायची वाट बघत बसायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, या ओलीत हिवाळा काढू नका.

त्यांना उपाय एकच दिसला. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडायची, म्हणजे पाळणा कोरड्या, उबदार बाजूला सरकला असता.

पण भिंत पाडायला परवानगी हवी. आणि परवानगीसाठी वरच्या, खालच्या, शेजारच्या सगळ्या घरांची ना-हरकत हवी.

"नुसता कागद घेऊन गेलीस तर दारं लावून घेतील," नुरकेन म्हणाला. "गुरुवार आहेच. शेल्पेक तळ. गरम पोळी हातात पडली की सही कोण नाकारेल?"

"म्हणजे लाच."

"शेजारधर्म म्हणतात त्याला, बोता."

ती हसली. इथेच चुकलं.

शेल्पेक म्हणजे तेलात तळलेल्या पातळ पोळ्या. गुरुवारी तळायच्या त्या घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो. आधी त्यांची नावं घ्यायची, दुवा मागायचा, आणि मगच पोळ्या शेजारी वाटायच्या.

त्या दिवशी एर्मेक कडेवरून उतरेना. एका हातानं तिनं कशाबशा पोळ्या तळल्या. डोक्यात फक्त सह्या होत्या.

नावं घ्यायची राहूनच गेली.

सह्या मात्र पटापट मिळाल्या. वरच्या मजल्यावरचा म्हातारा पोळीचा घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "पाडा भिंत. पण मी सोफ्यासकट तुमच्या चहात पडलो, तर साखर कमी घाला. मला डायबेटिस आहे."

शेवटचं दार राहिलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या पाठीला लागून असलेल्या घराचं. जिन्यातला तिथला दिवा गेलेला होता.

तिनं हात उचलला...

दार वाजवायच्या आधीच ते किलकिलं झालं.

आत अंधार. टीव्हीचा आवाज नाही. भांड्यांचा नाही. कसला वाससुद्धा नाही.

पांढरा रुमाल बांधलेलं डोकं तेवढं दिसलं. चेहरा दिसला नाही. एक हात बाहेर आला आणि त्यानं पोळी घेतली...

आणि पोळीची वाफ थांबली.

"किती दिवसांनी कुणी आणलं ग, सूनबाई."

बोतागोझनं घाईघाईनं सांगितलं. भिंतीचं, ओलीचं, पोराच्या खोकल्याचं.

"पाड की. माझी काही हरकत नाही. लेकराला ऊब हवी."

दाराआडून श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"माझ्या बाजूची भिंतही काढू का ग? मी फार एकटी असते."

म्हाताऱ्या बाईनं तिच्याच उंबऱ्यात काही मागितलं, तर सुनेच्या तोंडून नाही निघत नाही. बोतागोझही बोलून गेली, "काढा ना आपा. तुमचंच घर आहे."

सहीसाठी तिनं कागद पुढे केला. हात तेलकट आहेत, नंतर बघू, असं उत्तर आलं. दार मिटलं.

कडी लागल्याचा आवाज आला नाही.

सोमवारी बांधकाम खात्याचा माणूस पाहणीला आला. सोबत इमारतीचा कारभार बघणाऱ्या लारिसा किम होत्या. त्यानं भिंत ठोकून पाहिली, मान डोलावली, मग शेजारच्या घराची सही कुठे आहे, असं विचारलं. आपा तोंडी हो म्हणाल्यात, असं बोतागोझनं सांगितलं.

लारिसाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"कुठली आपा?"

त्यांनी तिला बाहेर नेऊन दार दाखवलं. कुलपावर गंज चढला होता. दाराच्या फटीत कोळशाची काजळी जमून बसली होती. राबिगा आपा त्या घरात वारल्या त्याला तीन हिवाळे झाले होते. वारल्या, आणि कित्येक दिवस कुणाला कळलंच नाही. कारण कुणी दार वाजवलंच नव्हतं. मुलगी परदेशात. फोन उचलत नाही.

"गेलेल्यांची ना-हरकत आमच्याकडे चालत नाही, ताई," तो माणूस फाईल मिटत म्हणाला.

परवानगी नाकारली गेली.

बोतागोझनं आईला फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं, आणि एकच गोष्ट विचारली.

"कुणाच्या नावानं तळल्या होत्यास?"

"कुणाच्याच नाही. राहून गेलं," बोतागोझ म्हणाली.

"बिननावाच्या तळल्यास? अग, मग जिची कुणी आठवण काढत नाही, तिच्याच झाल्या ना त्या." मग आई हळूच म्हणाली, "पोळी गेली तर गेली. शब्द का दिलास, पोरी?"

भिंत पाडता येईना, म्हणून नुरकेननं स्वयंपाकघरातलं टेबल बाल्कनीत नेऊन ठेवलं आणि टेबलाच्या जागी पाळणा बसवला. कोरडी जागा तेवढीच होती. शेजारच्या घराला लागून.

एर्मेकचा खोकला कमी झाला. बोतागोझ पहिल्यांदा शांत झोपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती त्याला पाजत बसली होती, आणि...

खर्र.

खर्र... खर्र.

भिंतीच्या पलीकडून, वरच्या बाजूनं. उलथन्यानं करपलेलं भांडं खरवडावं तसं.

नुरकेन म्हणाला, उंदीर असतील. मग म्हणाला, पाइप असेल. लारिसाबाईंनी कुलूप बघितलं. जसंच्या तसं.

पुढच्या गुरुवारी बोतागोझनं कढईत तेल तापवलं. राबिगा आपांचं नाव घेतलं, दुवा मागितला. मग भिंतीला कपाळ लावून म्हणाली, "आपा, चुकून बोलले. माझा शब्द परत द्या."

आवाज थांबला.

संध्याकाळभर थांबला. नुरकेननं चहा केला, तिला चिडवलंसुद्धा. ती हसलीही.

आणि मग पुन्हा...

खर्र.

या वेळी वरून नाही. खालून. पाळण्याच्या उंचीवरून.

तिनं भिंतीला हात लावला. कडाक्याच्या थंडीत, बंद घराची ती भिंत गरम होती.

आता घर विकायला काढलंय. पण ओल आलेलं घर घेतो कोण? एर्मेक खोकत नाही. गाल भरलेत त्याचे. गुरुवारी हातात पोळी दिली की तो आधी एक तुकडा मोडतो आणि भिंतीपुढे धरतो. दर वेळी एकाच जागी. आणि हसतो.

सकाळी त्याच्या पांघरुणावर पांढरी भुकटी पडलेली असते. बोतागोझ ती हातानं झटकते, आणि भिंतीच्या त्या जागेवरून बोट फिरवून बघते. खळगा कालपेक्षा खोल लागतो.

परवानगी नाकारली गेली, ती त्यांची.

पलीकडच्या बाईला तर बोतागोझनं स्वतःच्या तोंडानं दिली होती.