उकंडीचा वाढदिवस

आमच्या मुलीला अख्खं हट्टा गाव उकंडी म्हणतं. जन्मदाखल्यावर तिचं नाव अवनी आहे, पण त्या कागदाबाहेर ते कधी निघालंच नाही. तिच्याआधीची माझी मुलगी बारशाआधीच गेली. म्हणून ही झाल्यावर सासूबाईंनी तिला घरामागच्या उकंड्यावर, शेणकचऱ्याच्या ढिगावर नेऊन ठेवलं. शेजारच्या शकुबाईंनी सापडलेलं लेकरू म्हणून तिला उचललं आणि मी सूपभर ज्वारी देऊन तिला विकत घेतलं. टाकून दिलेल्या पोरीवर कुणाची नजर जात नाही, असा हिशेब. पाच वर्षं पुरी होईपर्यंत चांगल्या नावानं हाक मारायची नाही, ही सासूबाईंची अट होती.

मी वसमतला लॅबमध्ये रक्त तपासते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल तेवढंच खरं, असा माझा खाक्या. शाळेत गुरुजी हजेरीला 'उकंडी' म्हणून पुकारतील, या विचारानंच माझं डोकं फिरायचं. त्यामुळे चौथ्या वाढदिवसालाच सगळ्यांसमोर तिला अवनी म्हणायचं, हे मी ठरवून टाकलं.

"एक साल तर ऱ्हायलं," सासूबाई म्हणाल्या. "काहून घाई करून राहिली?"

"नावानं काय होतंय, आत्याबाई?"

"ते नाव पहिलीचं व्हतं," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

होतंच. पहिलीसाठी ठरवलेलं नाव मी दुसरीला दिलं होतं. नऊ महिने मनात घोळवलेलं नाव टाकवत नव्हतं मला.

वाढदिवस जंगलाचा करायचा, सगळा घरीच. हिरव्या लुगड्याचं छत बांधलं, दाराला पळसाच्या फुललेल्या फांद्या लावल्या. खोक्यांच्या पुठ्ठ्याचे मुखवटे कापले. वाघाला हळद फासली, पोपटाला पालकाचा रस. उकंडीसाठी पांढरा ससा केला. कापता कापता मी तिचा सराव घेत होते. मी अवनी म्हटलं की तिनं ओ म्हणायचं. पण मी हाक मारली की ती मागच्या दाराकडे बघायची. पोरगी हट्टी. मला आई म्हण म्हणून कितीदा शिकवलं, तरी तिच्या तोंडी मायच.

"माय, तिला बी ससा कर," ती म्हणाली.

"कुणाला गं?"

"अवनीला."

"वेडाबाई, अवनी म्हणजे तूच."

ती हसली नाही. "मी न्हाई. ती उकंड्यापाशी बसते. तू हाक मारली की उभी राहते."

एकट्या लेकरांना असे मनातले सवंगडी असतात, हे मी वाचलं होतं. पुठ्ठाही उरला होता. मी दुसरा ससा कापून कोनाड्यात ठेवला. सकाळी तो कोनाड्यात नव्हता. उकंडीला विचारलं, तर म्हणाली, "घेऊन गेली."

हळद शिजवायचे दिवस होते. गावावर दिवसभर वाफ तरंगत होती आणि त्या उग्र, मातकट वासानं घर भरून गेलं होतं. माझे यजमान हळदीची खेप घेऊन वसमतला गेले होते. दिवेलागणीला गल्लीतली पोरं जमली. सासूबाईंनी उकंडीच्या डाव्या गालावर काजळाचा ठसठशीत टिक्का लावला. वरून मी मुखवटा बांधला.

केक कुकरमध्येच केलेला. मी मेणबत्ती लावली आणि नेमकी लाइट गेली. पोरांनी एकच गिल्ला केला. त्या उजेडात माणसाचा चेहरा एकही दिसत नव्हता, नुसती जनावरं.

"अवनी," मी मोठ्यानं हाक मारली. "ये बाळा, केक काप."

"ओ."

आवाज मागच्या दारातून आला. ससा आत आला. ही बाहेर कधी गेली, मला कळलं नाही. मी तिच्या हातात सुरी दिली, वर माझा हात धरला. तिचा हात गारठलेला होता आणि नखांत शेण होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं घशात अडकलेलं नाव एकदाचं बाहेर पडलं होतं आणि त्याला कुणीतरी ओ दिली होती.

लाइट आली. पोरं केक खाऊन पांगली. मी तिला मांडीवर घेऊन मुखवटा सोडला.

माझीच मुलगी. तेच नाक, तीच हनुवटी.

गालावर टिक्का नव्हता. मुखवट्याला घासला गेला असेल म्हणून मी तो उलटा केला. आतला पुठ्ठा स्वच्छ होता. काजळाचा कण नाही.

ती केक खात होती. एक घास गिळायच्या आत दुसरा कोंबत होती.

सासूबाई ताट घेऊन मागच्या दाराशी गेल्या. त्यांनी सवयीनं हाक मारली, "उकंडेऽ, जेवाया ये गं!"

"आले, आजी."

उकंड्याच्या बाजूनं. बारीक आवाज.

सासूबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं.

"माय," अंधारातला आवाज रडवेला झाला. "माय, मला उचल ना."

मी उठायला गेले. मांडीवरचीनं दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले. गार, घट्ट. तिनं तोंड माझ्या कानाशी आणलं.

"आई," ती म्हणाली, "दार लाव."