धाकट्याचं उत्तर

ही हकिकत खरी आहे. तिच्यात पदरचं काहीही घातलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत ती घडली, ते माझे थोरले साडू आजही हयात आहेत. त्यांनी ती एकदाच सांगितली. पुन्हा विषय काढला तर ते उठून जातात.

अमावस्येची रात्र वगैरे काही नव्हतं. भर दुपार होती. सुट्टीमुळे कारखान्यांची सगळी रांग बंद होती आणि साडू आपल्या पत्र्याच्या शेडचं कुलूप काढून एकटेच आत शिरले होते.

आत म्हातारी होती.

म्हातारी म्हणजे त्यांची पॉवर प्रेस. बिजागऱ्यांसाठी पत्रा कापणारं, माणसाहून उंच, ओतीव लोखंडाचं यंत्र. साडूंनी घेतलं तेव्हाच ते दुसऱ्या मालकांच्या हाताखालून आलेलं होतं. बगलेला एक जड चाक होतं, ते मोटरवर सतत फिरत असे. पेडल दाबलं की वरचा ठोकळा खालच्या साच्यावर यायचा, पत्रा कापायचा आणि परत वर जायचा. एकदा सुटलेला ठोकळा मध्ये थांबत नसे. आजकालच्या प्रेस हात समोर आला की आपोआप थांबतात.

म्हातारीला डोळे नव्हते.

त्यात तिचं मूळ पेडल मोडलं. नवं बसवण्याऐवजी साडूंनी लांब दांडा जोडून ते यंत्राच्या बगलेला आणलं. काम भागलं. मात्र एका माणसाच्या कामाला आता दोन माणसं लागू लागली. एक समोर बसून पत्र्याची पट्टी सरकवणार, दुसरा बगलेला उभा राहून दांडा दाबणार. मध्ये यंत्राचं धूड. दाबणाऱ्याला सरकवणाऱ्याचे हात दिसत नसत.

या कामावर दोघे सख्खे भाऊ होते. थोरला दांड्यावर, धाकटा पट्टीवर. दिसत नाही, तेव्हा त्यांनी आवाजाची रीत बसवली होती.

थोरला ओरडायचा, "हात?"

धाकटा ओरडायचा, "बाहेर!"

मग धाड.

दिवसभर हेच. शेजारच्या शेडमधला वेल्डर दारात येऊन चिडवायचा, "काय रे, काम करताय की पाढे म्हणताय?"

धाकटा मान वर न करता म्हणायचा, "पाढेच. तुझ्यासारखं नापास व्हायचं नाही आम्हाला."

नियम एकच होता. उत्तर आलं नाही, तर दाबायचं नाही.

नव्या यंत्रांचे विक्रेते येऊन जात. साडू त्यांना खुर्ची देत, पाणी देत आणि हसत सांगत, "आमची म्हातारी अजून खणखणीत आहे. ती गेली की बघू."

खणखणीत तर ती होतीच. पत्र्याच्या छताखाली तिचा ठोका घणासारखा घुमायचा. वर्षानुवर्षं तो कोणाच्या कानांवर आदळत होता, हे साडूंनी कधी हिशेबात धरलं नाही.

एक दिवस थोरला केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"मालक, कान गेले हो माझे. धाकट्याचं उत्तर नीट ऐकू येत नाही. सवयीनं दाबतो झालं. नव्या मशीनचं काहीतरी बघा. नाहीतर मला तरी दुसऱ्या कामाला लावा."

साडूंच्या डोक्यात हातातली मोठी ऑर्डर होती. त्यांनी थट्टेवर नेलं. "घरी बायको बोलते तेही ऐकू येत नाही? मग नशीबवान आहेस लेका! एवढी ऑर्डर निघू दे, मग बघू. चाललंय ना?"

थोरला त्यांच्या ओठांकडे बघत होता. त्यानं मान हलवली.

"चाललंय."

ऑर्डर निघायच्या आतच ते झालं.

साडू काचेच्या केबिनमध्ये होते. त्यांनी "हात?" ऐकलं.

त्यानंतर... काहीच नाही.

पट्टी आत अडकली असावी. धाकटा ती सोडवत असावा. त्या शांततेत साडूंनी मान वर केली. काहीतरी चुकतंय हे त्यांना कळलं. ओरडायला तोंडही उघडलं.

धाड.

मग जो आवाज आला, तो यंत्राचा नव्हता.

धाकटा इस्पितळातून घरी आला नाही. जखम चिघळली आणि माणूस गेला.

चौकशीचे अधिकारी आले. त्यांनी रीत समजून घेतली आणि सरळ विचारलं, "त्या वेळी उत्तर आलं होतं का?"

थोरला भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. जो बोलेल त्याच्या ओठांकडे बघत होता.

साडू म्हणाले, "हो. मी स्वतः ऐकलं. 'बाहेर' म्हणाला तो."

एवढ्या एका वाक्यानं म्हातारी सुटली. मालक सुटले. थोरलाही सुटला. सगळा दोष, जो बोलायला उरला नव्हता त्याच्या माथी गेला.

धाकट्याची बायको एवढंच म्हणाली, "हात आत असताना 'बाहेर' म्हणणारे नव्हते ते."

तिचं कोणी मनावर घेतलं नाही. साडूंनी स्वतःला समजावलं की आपण हे थोरल्यासाठी बोललो. बिचाऱ्याला जगायला काहीतरी आधार हवा. माणसाला असली औषधं स्वतःला पाजता येतात. पण ती पोटात टिकत नाहीत. साडूंचं जेवण सुटलं. झोपही उडाली. शेडला त्यांनी कुलूप लावलं.

पुढे एक तरुण कारखानदार म्हातारीला गिऱ्हाईक म्हणून आला. जाड भिंगांचा चष्मा लावणारा, बोलण्यात गोड. "काका, चालू स्थितीत असेल तर आहे तशी उचलतो. माझ्याकडे नवी पोरं आहेत, शिकतील." सुट्टीच्या दिवशी दुपारी यायचं ठरलं. तो येण्याआधी यंत्र फिरवून बघावं, म्हणून साडू लवकर गेले.

आणि म्हणूनच त्या दुपारी ते शेडमध्ये एकटे होते.

शेडमध्ये उकडत होतं. सगळीकडे धुळीचा थर होता. टेबलावर, केबिनच्या काचेवर, धाकट्याच्या स्टुलावर.

म्हातारीच्या साच्यावर मात्र... धूळ नव्हती.

साचा पुसलेला होता. त्यावर तेलाचा पातळ, ताजा हात फिरवलेला होता. धाकटा रोज सकाळी फिरवायचा तसा.

साडूंनी मनाशी म्हटलं, लोखंडावर आधीचं तेल राहतं. त्यांनी मेन स्विच ओढला. मोटर कण्हली, चाक फिरू लागलं. ते बगलेला जाऊन दांड्यापाशी उभे राहिले. इतकी वर्षं कानांवर पडलेलं, म्हणून तोंडातून आपसूक निघालं, "हात?"

यंत्राच्या पलीकडून उत्तर आलं.

"बाहेर."

मोठ्यानं नाही. रोजच्या कामातल्या आवाजात.

साडूंचा हात दांड्यावरून गळून पडला. ते वळसा घालून समोर आले. स्टूल रिकामं होतं. त्यावरची धूळ तशीच होती. शेजारच्या शेडांना कुलपं होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

त्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

मोटर थांबली. चाक मात्र लगेच थांबत नाही. जड असतं, आपल्याच ओढीनं फिरत राहतं, आणि तेवढ्या अवधीतही एक ठोका पडू शकतो. ही गोष्ट साडूंनी प्रत्येक नव्या कामगाराला बजावलेली होती. चाक थांबेपर्यंत आत हात घालायचा नाही.

तेव्हा त्यांना दिसलं... साच्यात पट्टीचा एक तुकडा अडकला होता.

मघाशी तो तिथे नव्हता. हे त्यांनी मला छातीवर हात ठेवून सांगितलं.

आणि तरीही त्यांनी हात आत घातला. का, ते त्यांना सांगता आलं नाही. अडकलेलं दिसलं की सोडवायला हात जातोच, म्हणाले. धाकट्याचाही तसाच गेला असणार.

बोटं तुकड्याला लागली. तुकडा गरम होता.

त्याच क्षणी बगलेकडून, दांड्यापाशी, जिथे थोरला उभा राहायचा त्या जागेवरून... आवाज आला.

"हात?"

आवाज थोरल्याचा नव्हता. धाकट्याचा होता.

साडूंचा हात निघेना. कशात अडकला नव्हता, कोणी धरलाही नव्हता. खांद्यापासून खाली तो त्यांचा उरलाच नव्हता. शब्द फुटेना.

चाक फिरत होतं.

दांडा करकरला. कोणी दाबल्यावर करकरतो तसा. अर्धा खाली गेला... आणि तिथेच थांबला.

शेडमध्ये काहीही ऐकू येत नव्हतं. फक्त चाकाची घरघर, आणि तीही मंदावत नव्हती.

कोणीतरी वाट बघत होतं. उत्तर आलं नाही तर दाबायचं नाही, हा नियम पाळत होतं.

साडू मला म्हणाले, "रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर सोसलं असतं. तो नुसता थांबला होता रे. मी त्याच्यासाठी जेवढं करायला हवं होतं, तेवढंच तो माझ्यासाठी करत होता."

पुन्हा आवाज आला. तसाच, सबुरीनं.

"हात?"

साडूंनी डावा हात उजव्या मनगटाला घातला आणि सगळं अंग मागे टाकलं. हात सुटला. ते पाठीवर आपटले. घशातून फाटका आवाज निघाला, "बाहेर!"

धाड.

ठोकळा खाली येऊन वर गेला. चाक जागच्या जागी थांबलं, कोणी तळवा ठेवून अडवावं तसं. साच्याखालच्या पेटीत कापलेला तुकडा टण्णकन पडला.

दारात चष्मेवाला उभा होता.

"काका, पडलात की काय? लागलं का?" त्यानं आधार देऊन त्यांना उठवलं आणि शेडभर नजर फिरवली. "आणि तुमचा दुसरा माणूस कुठे गेला?"

"कोण दुसरा?"

"आत्ता बोलत होता की! मी बाहेर चप्पल झटकत होतो. तो 'हात?' म्हणून विचारत होता, तुम्ही उत्तर दिलंत." तो हसला. "छान पद्धत आहे. आमच्या पोरांना शिकवायला पाहिजे."

साडूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना ती न पाहिलेली पोरं दिसली. त्यांचे हात दिसले.

"मशीन द्यायचं नाही," ते म्हणाले.

"अहो, पण ठरलं होतं ना आपलं? दुसऱ्या कोणाशी जमलं का?"

"कोणालाच द्यायचं नाही."

सुट्टी संपताच त्यांनी शेजारच्या वेल्डरला बोलावलं आणि डोळ्यांदेखत म्हातारीचे गॅसनं तुकडे करवले. वेल्डरनं त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

तिथून साडू थेट त्या भावांच्या घरी गेले. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. थोरला खिडकीशी बसला होता. धाकट्याची बायको आतल्या दारात ओले कपडे पिळत उभी होती.

साडू थोरल्यासमोर बसले. मान खाली घालून म्हणाले, "मी खोटं बोललो. मी काहीच ऐकलं नव्हतं. त्यानं उत्तर दिलंच नव्हतं. आणि तुझे कान गेलेत, हे तू मला आधीच सांगितलं होतंस. चूक तुझीही नाही, त्याचीही नाही."

थोरला पुढे वाकला. "काय म्हणालात मालक? मान खाली घातलीत, ओठ दिसले नाहीत. जरा मोठ्यानं बोला."

साडूंनी तोंड वर केलं. तोच बोलू लागला.

"तुम्ही ऐकलंत म्हणून मी जगतोय, मालक. रात्री उठून बसतो, आणि मग आठवतं, तो 'बाहेर' म्हणाला होता. म्हणाला होता ना?"

साडूंचे ओठ हलले नाहीत.

आतल्या दारातली बाई पुढे आली. थोरल्याच्या पाठीमागे उभी राहिली, म्हणजे तिचे ओठ त्याला दिसू नयेत. तिच्या हातातून पाणी गळत होतं.

"त्यांना सांगू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "ते मरतील. पण मला... मला पुन्हा एकदा सांगा."

साडूंनी पुन्हा मान खाली घातली आणि पुन्हा सगळं सांगितलं. ती उभ्यानं ऐकत होती. मग पदरानं हात पुसून आत गेली.

थोरला वाट बघत होता. साडूंनी त्याच्याकडे बघून मान हलवली. हो, म्हणाला होता.

त्यांना वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की संपेल.

संपलेलं नाही.

म्हातारीचं लोखंड कधीच वितळून गेलं. शेडमध्ये आता दुसऱ्या कोणाचं गोदाम आहे. तरी दुपारी घर निवांत झालं, पंखाही बंद असला, की साडू एकदम ताठ बसतात. दोन्ही हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवतात. त्यांची बायको स्वयंपाकघरातून विचारते, "कोणाशी बोलताय हो?"

ते तिला काही सांगत नाहीत. पण मी एकदा शेजारीच बसलो होतो. मला कसलाही प्रश्न ऐकू आला नाही. त्यांचं उत्तर तेवढं ऐकू आलं.

"बाहेर."

आणि मग ते श्वास रोखून ठोक्याची वाट बघत राहिले.

तो ठोका... अजून पडलेला नाही.