रोल धुवायचाय

पैंजणाचं तुटलेलं घुंगरू डाग देऊन बसवायचं तर टाकणखार लागतो. ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवायच्या औषधातही तोच लागतो. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर चांदीच्या दुरुस्त्या करणाऱ्या झिशानला हे माहीत नव्हतं. त्याच्या धाकट्या भावाला, वाजिदला माहीत होतं. म्हणून तर झिशानच्या डबीतला टाकणखार दर महिन्याला आपोआप कमी व्हायचा.

मार्चमध्ये तासगावहून बेदाण्याच्या शेडचे फोटो काढून येताना वाजिदची गाडी घसरली. कॅमेऱ्याचे तीन तुकडे झाले. वाजिदचं काय झालं ते झिशान कुणाला सांगत नसे. शर्टाच्या खिशातल्या रोलच्या काळ्या डबीला मात्र साधा ओरखडाही नव्हता. छत्तीस फोटो. वाजिदनं जगाकडं शेवटचं जे बघितलं ते सगळं त्या डबीत होतं आणि झिशानला तेवढंच बघायचं होतं. डबी तो उशाखाली घेऊन झोपायचा.

गावात आता रोल कुणी धुवेना. कुरियरनं पुण्याला पाठवा, असं एकानं सुचवलं. मिरजेहून मागवलेला मिक्सर ज्या कुरियरनं आधी नागपूर दाखवून आणला होता, त्याच्या हाती भाऊ द्यायला झिशान तयार नव्हता. त्यानं वाजिदची वही काढली.

वहीत लिहिलं होतं: पाणी कडक, हात घालवणार नाही इतपत. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट, हायड्रोक्विनोन, शेवटी टाकणखार. क्रम चुकला की बोंबला. एक दिवस झोपू द्यायचं. तपकिरी बाटली गळ्यापर्यंत भरायची, हवा लागली की औषध मरतं. वापरून कमी झालं तर गोट्या टाकून पातळी वर आणायची.

केमिकलवाल्यानं कशाला पाहिजे म्हणून विचारलं, तर झिशान म्हणाला, भावाला. रविवारी त्यानं चांदीच्या काट्यावर पावडरी तोलल्या, लिटरभर औषध केलं, बाटली गळ्यापर्यंत भरली आणि वाजिदच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी बाटली उचलली तर आत खुळखुळ वाजलं.

पातळी गळ्याशीच होती. पण अर्धी बाटली गोट्यांनी भरली होती. कपाटात वाजिदचा लहानपणीचा गोट्यांचा डबा होता, तो रिकामा. झिशाननं औषध मापात ओतलं. सातशे मिली. एक रोल धुवायला तीनशे लागतं. मग ताटात गोट्या मोजल्या, एकशे अडतीस. मोजून काय साधलं हे त्याला कळलं नाही, पण पुन्हा एकदा मोजल्या.

त्यानं अम्मीला, अख्तरबीला, विचारलं.

"किल्ली तुझ्या खिशात हाय की," ती म्हणाली.

झिशाननं ठरवलं, आपणच टाकल्या असतील. माणूस दुःखात काहीही करतो. गुंजभर चांदी नजरेनं ओळखणारा माणूस एकशे अडतीस गोट्या विसरू शकतो. त्यानं औषध गोट्यांसकट परत भरलं, आणि मंगळवारी दुकानाला जाता जाता अम्मीला सांगून गेला, दुपारी येतो, आज वाजिदचा रोल धुवायचाय.

दुपारी तो आला. गच्चीवरच्या तारेला, त्याच्या बनियनच्या आणि अम्मीच्या ओढणीच्या मधे, चिमटे लावलेला रोल उन्हात चमकत होता.

"धुवायचाय म्हनलास न्हवं? तुला दुकान हाय, मीच धुतला. साबणानं, हळूहळू. लय मळ निघाला."

उजेड लागला की रोल गेला. छत्तीसच्या छत्तीस. झिशान टाकीच्या कट्ट्यावर बसला. ओरडायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण अम्मीचे हात साबणानं सुरकुतले होते.

"कवा दिसंल त्यो?" तिनं विचारलं.

फोटो काढणारा फोटोत नसतो, हे तरी तिला कोण सांगणार? औषधात घातला की दिसेल, असं तो खोटंच म्हणाला, आणि तिच्या समाधानासाठी तिच्यासमोरच रोल औषधात घातला. अंधाराची गरजच नव्हती. मोरीचं दार सताड उघडं, भर दुपार. घड्याळ लावून अकरा मिनिटं हलवला. मग फोटो पक्के करणारा हायपो. मग नळाचं पाणी.

काळीकुट्ट पट्टी निघायला हवी होती.

निघाली नाही.

पट्टी खिडकीच्या काचेला लावून त्यानं मोबाइलमधून रंग उलटे करून बघितलं. शेड नव्हत्या. बेदाणे नव्हते. पहिल्या फोटोत काटा होता आणि काट्यावर त्याचाच हात. मग तो औषध ढवळताना. मग ताटात गोट्या मोजताना, जरा वरून घेतलेला. वाजिद नेहमी स्टुलावर चढून फोटो काढायचा.

वाजिद कुठंच नव्हता.

छत्तिसावा फोटो गच्चीवरचा होता. अम्मी तारेला हाच ओला रोल लावत होती. मान वळवून सरळ समोर बघत होती आणि हसत होती. मार्चपासून झिशाननं तिला हसताना पाहिलं नव्हतं. तिचा चष्मा तिच्या हातात होता.

त्यानं बराच वेळ तो फोटो बघितला. मग विचारलं, सकाळी गच्चीवर कोण होतं?

कोन न्हवतं, ती म्हणाली.

"मग चष्मा का काढला होतास, अम्मी?"

अख्तरबी ओढणीची घडी घालत होती. घडी पुरी करून ती म्हणाली, "चमकतोय म्हनला."