माइक तपासताना म्हटलेलं गाणं

भर दुपारी ती तणतणत स्टुडिओचे तीन जिने चढली. लिफ्टमधल्या, बँकेच्या फोनवरच्या सूचना बोलणारी बाई ती. अठरा वर्षं तिचा आवाज लोकांच्या कानांवर पडत होता आणि तिला कुत्रंही विचारत नव्हतं. मागच्या महिन्यात माइक तपासायला म्हणून तिनं थोरल्या बहिणीचं, अक्काचं, गाणं सहज म्हटलं. रेकॉर्डिस्टनं ते न विचारता नेटवर टाकलं आणि बघता बघता वीस लाख लोकांनी ऐकलं.

राग त्याचा नव्हता. राग होता लोक खाली काय लिहीत होते त्याचा. 'साथीला गाणाऱ्या दुसऱ्या बाई कोण? काय गळा आहे!'

"दुसरी कोण?" तिनं रेकॉर्डिस्टला धारेवर धरलं. "मी एकटी होते आत."

"बाई, चेष्टा करता का… त्यांना खुर्ची मीच आणून दिली."

हे गाणं तसं गाणारी एकच होती, अक्का. तिचं डोकं फिरलं. अक्का होती तोवर घरात हिला तोंड उघडायची सोय नव्हती, जरा गुणगुणली की, "तू राहू दे." चार वर्षांपूर्वी अक्का गेली. आता कुठं चार लोक आपला गळा ऐकायला लागले, तर मेल्यावरही ही बया पुढं आहेच!

"माइक लाव परत," ती म्हणाली. "मी एकटी गाणार. तेच टाकायचं."

आत जाऊन तिनं दार लावलं, तसा बाहेरचा आवाज तुटला. जुन्या फोमचा कुबट वास येत होता, आणि त्यात मिसळलेला अक्काच्या खोकल्याच्या औषधाचा. ती दातओठ खात गायली, घसा फाटेस्तोवर. इतकं मोकळं ती जन्मात गायली नव्हती. मग दाणदाण पावलं टाकत बाहेर आली.

रेकॉर्डिस्टनं गाणं लावलं होतं. पहिल्या ओळीपासून अक्का. स्वच्छ, एकटी. हिचा आवाज कुठंच नव्हता.

"पूस ते," म्हणून ती ओरडायला गेली. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या… आवाज फुटला नाही. तिनं त्याचा खांदा धरून गदागदा हलवला. त्यानं माशी बसल्यासारखा तो झटकला आणि गायच्या खोलीच्या काचेकडं बघून हसला.

"बाई, झकास झालंय. बाहेर या ना… ऐका तरी."

"आले हं," काचेपलीकडून उत्तर आलं, हिच्याच आवाजात.