दाबून धरलेला क्लच

ही गोष्ट खरी आहे.

एरवी माझ्या गोष्टीत निम्मा मीठमसाला असतो, हे मीच कबूल करतो. या गोष्टीत चिमूटभरही नाही.

अमावस्या नव्हती. मध्यरात्र नव्हती. थंडीतला मंगळवार, स्वच्छ ऊन आणि सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. वेळ चुकली असेल म्हणाल, तर ज्याच्यावर हे गुदरलं तो घड्याळं दुरुस्त करतो.

त्याला सगळे कानसेन म्हणतात. घड्याळ न उघडता, नुसतं कानाला लावून तो त्याचं दुखणं सांगतो. त्याची बायको म्हणते, "माझं बोलणं तेवढं यांना ऐकू येत नाही."

लेक चिमी, सात वर्षांची. तिची नवी शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. पायी पाऊण तास. पोरगी पोचेपर्यंत पेंगायला लागायची. म्हणून जुनी मोटरसायकल घ्यायचं ठरलं.

बायकोने एकच अट घातली. "पोरीला ओरखडा जरी आला, तरी गाडी आणि तुम्ही, दोघंही घराबाहेर."

जुन्या गाड्यांच्या दलालाकडे दोनच गाड्या परवडण्यासारख्या होत्या. दोन्ही एकाच वयाच्या. फरक फक्त क्लचचा.

"हिचा ओला क्लच, साहेब. प्लेटा तेलात बुडालेल्या. आवाज नाही, कटकट नाही. डोळे मिटून घ्या."

"आणि ही?"

"हिचा सुका. प्लेटा उघड्यावर असतात. क्लच दाबला की खडखडतात. शेजारी शिव्या घालतील. ओलाच घ्या."

कानसेनाने सुक्या क्लचची गाडी सुरू केली. न्यूट्रलमध्ये इंजिन शांत चाललं होतं. मग त्याने क्लच दाबला.

खडखडखडखड... जणू डब्यात कुणी चमचे हलवतंय.

सोडला. गप्प.

दाबला. खडखड.

कानसेन खूश. जी वस्तू स्वतःचं दुखणं स्वतः बोलून दाखवते, तिच्यावर त्याचा जीव. आतल्या आत तेलात झिजणारी, मुकी वस्तू त्याला नको होती.

"हीच द्या."

"साहेब, पुन्हा सांगतो. ओलाच घ्या."

तिसऱ्यांदाही सांगितलं त्याने. दलाल माणूस, आणि गिऱ्हाइकाला एखादी गाडी घेऊ नका म्हणून गळ घालतो! तिथेच शंका यायला हवी होती. पण कानसेनाचे कान तीक्ष्ण. डोकं चारचौघांसारखंच.

गाडी घरी आली. बायको दारातच म्हणाली, "अहो, मोटरसायकल आणायला गेला होतात ना? भांड्यांचं कपाट कशाला आणलंत?"

पहिला आठवडा झकास गेला.

दुसऱ्या आठवड्यात कानसेनाने नेहमीसारखी गाडी सुरू करून साइड स्टँडवर ठेवली. थंडीत इंजिन जरा तापू द्यावं लागायचं. तेवढ्यात आत जाऊन डबा, पिशवी आणि घड्याळं बघायचं भिंग घ्यायचं, अशी त्याची सवय.

तो आत बुटांच्या नाड्या बांधत होता. आणि बाहेर...

खडखडखडखड.

"चिमे! गाडीला हात लावू नकोस म्हटलं ना?"

"मी इथेच आहे, बाबा."

चिमी त्याच्या शेजारीच बसली होती. मोजे घालत.

तो बाहेर आला. आवाज थांबला. अंगणात कुणी नाही.

क्लचची केबल अडकत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण त्याला पुरतं माहीत होतं की अडकलेली केबल लिव्हरला परत येऊ देत नाही. ती लिव्हर आपणहून ओढत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो बाहेर आला की गप्प.

तिसऱ्या दिवशी त्याने हँडलच्या मुठी धरल्या. उजवी बर्फासारखी गार. डावीही गार. पण क्लचचा लिव्हर...

कोमट होता.

आताच कुणीतरी हात काढावा, तसा.

त्याने बायकोला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? ती दोघांनाही बाहेर काढणार. चिमीला मात्र बजावलं, "मी येईपर्यंत पायरीवरून उतरायचं नाही."

आणि मंगळवार उजाडला.

गाडी सुरू होती. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलेला. चिमी पायरीवर, हातात खडू. भिंग विसरलं म्हणून कानसेन आत गेला. जेमतेम दोन मिनिटं.

खडखडखडखड.

आणि त्या खडखडीत... टक्.

त्याचा हात भिंगावरच राहिला. ती 'टक्' पहिल्या गिअरची होती. असला आवाज त्याने ओळखला नसता, तर कुणी ओळखला असता?

तो खिडकीशी धावला.

हिरवा दिवा विझलेला.

गाडी गिअरमध्ये. इंजिन चालू. गाडीवर कुणी नाही. गाडीचं तोंड कुंपणाच्या भिंतीकडे, मध्ये दोन हात जागा.

आणि त्या जागेत, चाकासमोर उकिडवी बसून, चिमी फरशीवर खडूने कालचं अर्धं फूल पुरं करत होती.

अशी गाडी पुढे उसळायला हवी होती. उसळत नव्हती. कारण क्लचचा लिव्हर मुठीला टेकलेला होता. पूर्ण. चार बोटांनी आवळून धरावा तसा.

कुणीतरी तो दाबून धरला होता.

ओरडावं, तर? जो कुणी आहे तो दचकला, तर?

कानसेन बाहेर आला. पाय न वाजवता. आधी किल्ली बंद करावी म्हणून त्याने गाडीकडे हात नेला.

आणि खडखड थांबली.

लिव्हर किंचित सैल झाला. गाडी बोटभर पुढे सरकली. चाक चिमीच्या वेणीला टेकलं.

त्याने हात मागे घेतला.

लिव्हर पुन्हा आवळला. खडखडखडखड...

"चिमे," तो अगदी हळू म्हणाला. "बाळा, हात दे."

"थांबा ना बाबा, एकच पाकळी राहिलीये."

"हात दे."

तिने खडूने माखलेला हात वर केला. त्याने एका झटक्यात तिला उचलून छातीशी धरलं.

तिचे पाय जमिनीवरून सुटले, आणि लिव्हर सुटला.

गाडी उसळली. स्टँड मिटलं, पुढचं चाक भिंतीवर आदळलं, दिवा फुटला आणि इंजिन बंद पडलं. फुलाच्या जागी टायरचा काळा पट्टा उमटला होता.

बायको धावत आली. तिला सगळं सांगावंच लागलं. तिने पोरीला उलटसुलट करून पाहिलं. ओरखडा नव्हता. मग ती पडलेल्या गाडीकडे बघत म्हणाली, "कुणी का असेना. हात मायेचा होता. धरून ठेवलं त्याने."

कानसेनालाही तसंच वाटलं. संध्याकाळी त्याने गाडी उचलली, पुसली आणि हळूच म्हणाला, "उपकार झाले."

रात्री चिमीच्या अंगावर पांघरूण घालताना त्याने विचारलं, "गिअर कुणी टाकला गं?"

"मी."

"तुला कसा आला? क्लच दाबल्याशिवाय..."

"क्लच त्यांनी दाबला ना. म्हणाले, मी क्लच दाबतो, तू गिअर टाक. गंमत करू."

"कोण ते?"

"गाडीवरचे. रोजचेच." चिमीने जांभई दिली. "मग म्हणाले, आता पुढे जाऊन बस. मी सोडतो."

कानसेनाच्या हातातलं पांघरूण तसंच राहिलं.

"पण सोडलाच नाही किती वेळ," चिमी कुशीवर वळत म्हणाली. "म्हणाले, बाबांना येऊ दे."

सकाळी त्याने गाडी ढकलत, हो, ढकलत, दलालाच्या दारात नेली. एक शब्द बोलला नव्हता तो अजून. दलालाने फुटका दिवा पाहिला, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"लेक बरी आहे ना?"

कानसेनाला लेक आहे, हे त्याने दलालाला कधीच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं..."

"ओलाच घ्या म्हटलं होतं," दलाल म्हणाला, आणि दुसऱ्या गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवून पाठ फिरवून आत निघून गेला.

ओल्या क्लचची गाडी खरंच गुणी निघाली. दाबा, सोडा, आवाज नाही. आता कानसेन चिमीला मागे बसवूनच किल्ली लावायचा. भिंग विसरलं तर विसरलं. दोन आठवडे काहीही झालं नाही.

मग एका सकाळी त्याने गाडी सुरू केली आणि मुठी धरल्या.

उजवी गार. डावी गार. क्लचचा लिव्हर...

कोमट.

त्याने श्वास रोखून कान दिला. नुसतं इंजिन ऐकू येत होतं. ओला क्लच. कुणी दाबलाय की सोडलाय, काही कळायला मार्ग नाही.

मागून चिमीने त्याच्या पाठीवर टिचकी मारली.

"बाबा, आज गिअर कोण टाकणार?"

आता बापलेक शाळेत पायी जातात. पाऊण तास लागतो. चिमी पेंगते. त्याला चालतं.

गाडी परत द्यायला तो गेला होता, पण दलालाच्या दाराला कुलूप होतं. अजूनही आहे. म्हणून ती अंगणातच उभी आहे, इंजिन बंद, भिंतीकडे पाठ करून.

सकाळी दार उघडलं की कानसेन आधी लिव्हरकडे बघतो. बहुतेक दिवशी तो सुटलेला असतो.

बहुतेक दिवशी.